काचेच्या पेटीतून आलेलं रान

तुळस अंगणात, शेवगा परसात, अळू मोरीच्या पाण्यावर, अशी आपल्याकडे प्रत्येक झाडाची जागा ठरलेली असते. घराच्या आत झाड लावायची पद्धत आपली नव्हे. तरी आज बघा, खिडकीत बाटलीतला मनी प्लांट आहे, पतसंस्थेच्या टेबलावर स्नेक प्लांट आहे, लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पानांचे रबर प्लांट ओळीनं उभे आहेत. आपल्यातले काही बचत गट तर या कुंड्या तालुक्याच्या बाजारात विकू लागले आहेत. ना फूल, ना फळ, नुसती पानं! ही झाडं घरात आणली कुणी? आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. ती कळली की कुंडीला पाणी किती घालायचं हेही आपोआप कळतं.

गोष्ट सुरू होते दोनशे वर्षांपूर्वी, लंडनमध्ये. त्या काळी इंग्रजांची जहाजं साऱ्या जगात फिरत होती आणि दिसेल ते झाड उचलून मायदेशी नेऊ बघत होती. पण झाडं वाटेतच मरत. डेकवर ठेवली तर खारं पाणी उडायचं, खाली ठेवली तर अंधार. गोडं पाणी माणसांनाच पुरत नसे, तिथं रोपांना कोण घालणार? चीनमध्ये राहणाऱ्या लिव्हिंग्स्टन नावाच्या एका डॉक्टरनं १८१९ मध्ये हिशेब मांडला होता, की एक रोप जिवंत पोहोचतं तेव्हा हजार मेलेली असतात.

यावर उपाय सापडला तो दुसऱ्याच एका डॉक्टरला, आणि तोही भलतंच काही शोधताना. नॅथॅनिएल वॉर्ड हे पूर्व लंडनमध्ये, बंदराजवळच्या वस्तीत राहत. त्यांना नेच्यांची भारी हौस. नेचे म्हणजे पावसाळ्यात घाटातल्या दगडी बांधांवर उगवणारी झालरीसारखी पानं, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पण कोळशाच्या धुरानं त्यांच्या परसातले नेचे जगत नव्हते. १८२९ मध्ये वॉर्डनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसकट काचेच्या बरणीत ठेवला आणि झाकण लावलं. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण मातीतून नेचा आणि गवत उगवून आलं. पातेल्यावर झाकण ठेवून भाजी शिजवली की वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबानं परत भाजीत पडते ना, तसंच त्या बरणीत चाललं होतं. उन्हानं ओल वर जायची, काचेला लागायची, गार झाली की पुन्हा मातीत उतरायची. वरून पाणी न घालता ती रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. पुढे झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि ती कुजून मेली. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वॉर्डनी मग लाकूड आणि काचेच्या बंद पेट्या बनवून घेतल्या आणि १८३३ मध्ये दोन पेट्या नेचे आणि गवत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपं हिरवीगार पोहोचली. त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली रोपं परत निघाली. वाटेत डेकवर फूटभर बर्फ पडला, पुढे विषुववृत्तावर अंग भाजणारं ऊन लागलं, पण आठ महिन्यांत एकदाही पाणी न घालता ती लंडनला जिवंत आली.

पुढचं मात्र सगळंच गोड नाही. या पेट्यांतून नुसती शोभेची झाडं गेली नाहीत. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४८ पासून चीनमध्ये वेष बदलून हिंडून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली. हिवतापावरची कोयनेल ज्या सालीतून निघते त्या सिंकोनाची झाडं दक्षिण अमेरिकेतून आणून १८६१ मध्ये उटीच्या डोंगरात लावली गेली. रबराचं बी ब्राझीलमधून १८७६ मध्ये लंडनला गेलं आणि तिथून रोपं श्रीलंकेला. ज्यांच्या रानातून ही झाडं गेली त्यांना काही मिळालं नाही. ज्यांना मळ्यांवर राबायला नेलं त्यांची गोष्ट तर वेगळी सांगावी लागेल. पेटी होती हातभर, पण तिनं कितीतरी लोकांची शेती आणि मजुरी बदलून टाकली.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात उष्ण देशांतली पानं आली. ती घरं अंधारी, पडदे जाड, दिवे गॅसचे. गॅसच्या धुरानं नाजूक झाडं मरत. टिकलं ते ॲस्पिडिस्ट्रा नावाचं चीन-जपानकडचं एक चिवट झाड. ते इतकं घराघरांत झालं की पुढे त्याची चेष्टा होऊ लागली. त्याच्या पानांवर बसणारी काजळी ओल्या फडक्यानं पुसायचं काम मात्र घरातल्या मोलकरणींच्या वाट्याला यायचं. झाडांच्या इतिहासात वॉर्डचं नाव आहे, त्या बायकांचं कुठेच नाही.

आता आपल्या कुंड्यांकडे येऊ. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, पांढऱ्या ठिपक्यांचं डिफेनबाकिया ही सगळी आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातली झाडं. अळू नीट शिजला नाही, चिंच किंवा आमसूल पडलं नाही, तर घसा खवखवतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तसेच सुईसारखे बारीक खडे या झाडांच्या पानांत असतात. डिफेनबाकियाचं पान लहान मुलानं चावलं तर जीभ सुजते, बोलता येत नाही. असं झालं तर तोंड पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. रांगतं मूल किंवा दारात करडं असेल तर ही कुंडी खाली ठेवूच नका.

ही बहुतेक झाडं मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढलेली आहेत. म्हणून त्यांना उजेड हवा, पण थेट ऊन नको. ओसरीची किंवा पडवीची कड त्यांना मानवते. रानातली माती पालापाचोळ्याची, भुसभुशीत असते, तिच्यात पाणी साचत नाही. आपण मात्र नुसती काळी माती भरतो आणि रोज तांब्या ओततो. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात. वॉर्डच्या बरणीतली रोपं कशानं मेली ते आठवा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, जाड पानांत पाणी साठवणारा. त्याला तर आणखी कमी पाणी पुरतं.

रबर प्लांट मात्र आपल्याच ईशान्य भारतातला, वडा-पिंपळाचा भाऊबंद. मेघालयात याचीच मुळं ओढ्यावरून ओढून घेऊन जिवंत पूल करतात. कुंडीत तो शहाण्यासारखा राहतो, पण घराच्या भिंतीलगत जमिनीत लावू नका. वड भिंतीचं काय करतो ते आपण देवळांवर बघतोच.

मनी प्लांटचं माहेर प्रशांत महासागरातलं मोरिया नावाचं लहानसं बेट. तिथं तो झाडावर चढतो आणि त्याची पानं हातभर लांब होतात. आपल्याकडे खाली लोंबतो म्हणून पानं लहान राहतात. पानं मोठी हवी असतील तर काथ्या गुंडाळलेली काठी द्या. गंमत म्हणजे हा आपणहून जवळजवळ कधीच फुलत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही. चोरून आणला तरच जगतो म्हणतात, ते काही खरं नाही. पण तुमच्या खिडकीतला वेल कुठल्यातरी वेलाचा तुकडाच आहे, हे खरं. बाटलीत लावला असेल तर आठवड्याच्या कोरड्या दिवशी तीही रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.

शेवटी विक्रीबद्दल. व्यापारी सांगतात, कुंडीवर ‘हवा शुद्ध करणारं झाड’ असं लिहा, भाव चढतो. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासानं केलेल्या प्रयोगावरून हे सुरू झालं. पण तो प्रयोग लहानशा बंद खोक्यात केला होता. माणसं राहतात त्या घराचा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. उघड्या खिडकीइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला कमीत कमी दहा, नाहीतर शेकडो झाडं लागतील. मग झोपायचं कुठं? ज्या घरात चूल आहे तिथं तर हे वाक्य धोक्याचं आहे. चुलीच्या धुरावर धुराडं आणि खिडकी हाच उपाय, मनी प्लांट नव्हे. गटानं कुंडीवर चिठ्ठी जरूर लावावी. तिच्यावर झाडाचं नाव, उजेड किती, पाणी किती, आणि ‘पान तोंडात घालू नये’ एवढं लिहिलं की पुरे.