विद्युत ड्रिल : बिदर-कलबुर्गीच्या दगडांत

विद्युत ड्रिल म्हणजे मोटरच्या जोरावर बिट फिरवून लाकूड, धातू, वीट किंवा दगडात भोक पाडणारे यंत्र. मेलबर्नमध्ये आर्थर जेम्स आर्नॉट आणि विल्यम ब्लँच ब्रेन यांनी 1889 मध्ये त्याचे पेटंट घेतले. हातात धरता येणारे ड्रिल 1895 मध्ये जर्मनीतील फाइन कंपनीने बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा या रचनेचे पेटंट 1917 मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरला मिळाले. सुताराच्या गिरमिटाची बरीचशी कामे आज बिदर-कलबुर्गी पट्ट्यात, भालकी-औरादपासून सेडम-चित्तापूरपर्यंत, हेच यंत्र करते. या पट्ट्यात ते हातात घेण्याआधी समोरचा दगड ओळखावा लागतो, कारण इथे तीन अगदी वेगळे दगड भेटतात.

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. बहमनी काळात या जांभ्यातच जमिनीखालून पाणी नेणारी करेज खोदली गेली. जांभा सच्छिद्र असतो. ड्रिलचा हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची सोय, लावला की भोकाची कड ढासळते, भोक गिट्टीपेक्षा (स्क्रू धरणाऱ्या प्लगपेक्षा) मोठे होते आणि स्क्रू हाताने ओढला तरी बाहेर येतो. म्हणून हॅमर बंद ठेवून, गिट्टीच्या मापापेक्षा किंचित बारीक बिटाने भोक पाडावे आणि स्क्रू लांब वापरावा. जांभ्यात लोहाचे कठीण खडेही असतात. बिट अशा खड्याला लागून सरकू लागला तर जोर न वाढवता दोन बोटे बाजूला नवी जागा धरावी. हे सारे घराच्या भिंतीपुरते. किल्ला किंवा महमूद गवानचा मदरसा यांसारख्या संरक्षित वास्तूंना इजा पोहोचवणे 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दिव्यांच्या माळेसाठी पाडलेले भोकही त्या दगडाला इजाच आहे.

औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. साधे हॅमर ड्रिल त्यात नुसते घासत राहते, बिट तापतो आणि टोकाची कार्बाइडची चकती सुटते. इथे आतल्या दट्ट्याने ठोके देणारा रोटरी हॅमर लागतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते शहाबादी फरशीचे. शहाबाद, चित्तापूर, सेडम या भागातील हा चुनखडक भीमेच्या खोऱ्यात थरांवर थर साचून तयार झाला. थर सहज सुटतात म्हणून तर त्याच्या सरळ फरश्या निघतात. स्वयंपाकाचा ओटा, भिंतीतले कप्पे, महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या घरांची जमीन याच दगडाची आहे. पण थर सुटण्याचा हा गुण भोक पाडताना उलटतो. हॅमरच्या ठोक्याने फरशीला तडा जातो किंवा मागच्या बाजूने मोठा पापुद्रा उडतो. त्यासाठी हॅमर बंद, वेग कमी, आधी तीन-चार मिलिमीटरचा बिट आणि मग हवा तो. कडेपासून चार बोटे आत राहावे. सुटी फरशी वाळूवर किंवा फळीवर सपाट टेकवावी, आणि बिट पलीकडे निघण्याच्या बेतात आला की दाब जवळजवळ काढून घ्यावा. भिंतींवर अशाच फरश्या टाकून छत केले असेल, तर त्यात भोक पाडून पंखा टांगू नये. ठिसूळ दगडाला पंख्याचे वजन आणि सततचे कंप सोसत नाहीत. पंखा तुळईवरच घ्यावा.

धूळ हा या कामातला हळू चालणारा धोका. चुनखडकात सिलिका कमी असते. काँक्रीट आणि वाळूच्या गिलाव्यात ती भरपूर असते. तिचे बारीक कण फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेले उपरणे किंवा ओढणी हे कण अडवत नाही, एन-95 मास्क अडवतो. रोज भोके पाडणाऱ्या मजुराला मास्क आणि चष्मा देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. हॅमरचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो, तेव्हा कानातले बोळेही हवेत. हातमोजे मात्र फिरत्या बिटाजवळ घालू नयेत. मोजा, पदर, ओढणीचे टोक किंवा मनगटातला गंडा बिटात गुंतला की हात ओढला जातो.

विजेचा धोका क्षणात गाठतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरचा पाइप असण्याचा संभव असतो, म्हणून तिथे भोक पाडू नये. जुन्या, धातूच्या अंगाच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि खरेखुरे अर्थिंग लागते. चौकोनात चौकोन ही खूण असलेले यंत्र दुहेरी आवरणाचे असते, त्याला दोन पिना पुरतात. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर गळती होताच पुरवठा तुटतो. सोललेली वायर टेपने गुंडाळून काम काढणे ही सर्रास दिसणारी आणि जिवावर बेतणारी सवय आहे, वायर बदलावीच.

लोखंडात दहा मिलिमीटरचे भोक पाडताना वेग मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास ठेवावा. लहान तुकडा हाताने न धरता वाइसमध्ये आवळावा, नाहीतर बिट अडकताच तो गरगर फिरून बोटे कापतो. बिट धरणारा चक किल्लीने तिन्ही भोकांतून आवळावा आणि किल्ली लगेच काढून ठेवावी.

काम संपल्यावर प्लग काढून हवेच्या झरोक्यांमधली धूळ ब्रशने झाडावी. मागच्या बाजूने मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या, यंत्र मध्येच अडू लागले, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले असे समजावे. दोन्ही कार्बन एकदमच आणि वेळीच बदलावेत, कारण उशीर झाल्यास आर्मेचर जळते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. लोखंडाचा बिट साणेवर 118 अंशांच्या कोनात लावता येतो. दगडाच्या बिटाचे कार्बाइड साध्या साणेवर लागत नाही, त्याला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक लागते. बॅटरीच्या ड्रिलची काळजी वेगळी. कलबुर्गीत मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही जास्त. अशा उन्हात लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नये. घरात सावलीला निववून मगच लावावी, आणि यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून, काढून ठेवावी.