पूर्णेच्या खोऱ्यातले कसब

टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव आठवते. जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली टेंभुर्णी त्या मानाने आडबाजूची, रेल्वेपासून दूर, कापूस-सोयाबीनच्या शिवारातली. अशा गावांतल्या तरुणांविषयी सरकारी कागदांत एक निदान कायमचे ठरून गेले आहे: कौशल्य नाही म्हणून नोकरी नाही, आणि कुशल माणसे नाहीत म्हणून कारखानदारी वाढत नाही. उपायही ठरलेला, प्रशिक्षण केंद्र काढा. या मुलखाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. कसब इथे होतेच, आणि जे नव्हते ते गरज पडली तेव्हा शेताच्या बांधावर तयार झाले. घोडे अडले ते दुसरीकडे. शिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा, शिकलेल्याला गिऱ्हाईक कुठे आणि वाढलेल्या कसबाचे पैसे कोणाच्या पदरात पडायचे, हे प्रश्न ज्या काळात सुटले त्या काळात कसब वाढले. सुटले नाहीत तेव्हा ते आहे तिथेच राहिले.

शेजारचे भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन, पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे नगर. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख सापडतो, म्हणजे गावातल्या लोकांच्या हाती दूरवर दान करण्याइतका पैसा खेळत होता. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली इथे उत्खनन केले, तेव्हा मणी आणि शंखाच्या वस्तूंबरोबर एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही हाती आली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या मूर्तीचे साम्य इतके की, ती मूर्ती याच भागातल्या कारागिरांची असावी असे काही अभ्यासकांनी सुचवले. त्यावर एकमत नाही, आणि या युक्तिवादाला ते लागतही नाही. इतके बारीक काम करणारा हात पावसाच्या भरवशावरच्या या मुलखात घडू शकला, कारण व्यापाराची वाट दाराशी होती. वाट बदलली तशी नगराची कळाही गेली.

नंतरच्या शतकांत कसब टिकले ते गावगाड्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने टिपली आहे. सुताराचा पोरगा कळता झाला की वाकस हातात घेई. लोहाराचा पोरगा भात्यापाशी बसून, तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून फाळाला पाणी कधी द्यायचे ते शिके. शिकवणाऱ्याला फी नाही, शिकणाऱ्याला वेतन नाही, दोघांचे पोट खळ्यावरच्या बलुत्यावर. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांची आजही कमी नाही. पण तिने कसबाला जातीचे कुंपण घातले आणि गिऱ्हाईक एका गावापुरते ठेवले. अधिक चांगली तिफण करणाऱ्या सुताराला अधिक बलुते मिळेलच असे नव्हते. मग सुधारणा करायची कोणी आणि कशासाठी? १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर कारखान्यात घडू लागला, तो गावातल्या लोहाराच्या भट्टीतून आला नाही. याचे कारण लोहाराच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल.

याच काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे जालन्यावरून गेली. एकट्या जालन्यात कापसाचे ९ जिनिंग आणि ५ प्रेसिंग कारखाने निघाले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या व्यापारी पेठेची. पण आकडा पाहा: १९०१ साली औरंगाबाद जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मिळून १,०१६ माणसे होती. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. काम हंगामी, कापूस संपला की जिन बंद. चार महिन्यांच्या कामासाठी माणूस घडवण्याचा खर्च मालक करत नसतो.

स्वातंत्र्यानंतर, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यानंतर, शासनाने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, फिटर-टर्नर-वेल्डरचे आयटीआय. १९८४ सालच्या दांडेकर समितीच्या अहवालात प्रादेशिक अनुशेष मोजताना तंत्रशिक्षणही मोजले गेले आणि मराठवाड्याचा मागासलेपणा आकड्यांत मांडला गेला. आयटीआयवर टीका करणे सोपे आहे. तिथली यंत्रे जुनी, निदेशकांच्या जागा रिकाम्या, वगैरे. पण आयटीआयने केलेले एक काम या मुलखाच्या इतिहासात त्यापूर्वी झाले नव्हते: कोणत्याही जातीच्या मुलाला कानस आणि व्हर्नियर हाती धरता आले. प्रशिक्षण कामाच्या मागून यावे असे म्हणणाऱ्यावर खरा आक्षेप हाच आहे की, तसे झाले तर ज्यांना कामाच्या दारात कधी उभेच केले नाही ते पुन्हा बाहेर राहतील. आक्षेप रास्त आहे. तरीही त्या मुलांच्या प्रमाणपत्राला किंमत आली ती १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना औरंगाबादजवळच्या वाळूजला आला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे लहान कारखाने उभे राहिले तेव्हा. सनद आयटीआयने दिली, भाव वाळूजने.

याहून बोलका पुरावा खुद्द जाफ्राबादच्या शिवारात आहे, आणि कौशल्य विकासाच्या चर्चेत त्याचे नावही निघत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस तयार केला आणि बीजोत्पादनाला एका वेगळ्याच कसबाची गरज पडली. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखायची, नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला इजा होऊ द्यायची नाही, खूण बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. एक पुंकेसर राहिला तरी ते बोंड बिघडले. लोक याला सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. जाफ्राबाद आणि पलीकडच्या देऊळगाव राजा भागात पुढे मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट आले, शेडनेट आले. हे कसब शिकवायला इमारत लागली नाही. कंपनीचा माणूस प्लॉटवर येई, दाखवी, चुका काढी; मग एक बाई दुसरीला शिकवी. शिकवण्याचा खर्च कंपनीने केला, कारण चूक झाली तर नुकसान तिचेही होते. तयार बियाण्याचा नमुना पेरून त्याची ग्रो-आउट टेस्ट होते, आणि प्रमाणित संकरित कापसाला किमान ९० टक्के जनुकीय शुद्धता लागते. कोणत्या आयटीआयची परीक्षा इतकी कडक असते?

यावर कोणी म्हणेल, ही शेतमजुरीच झाली, कारखानदारी नव्हे. नजर आणि बोटांचा असा नेम लागतो तिथे मजुरी आणि कारागिरी यांच्यातली रेषा आपण कामाकडे पाहून ओढत नाही, मोबदल्याकडे पाहून ओढतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आंध्र आणि गुजरातमधल्या कापूस बीजोत्पादनात बालमजुरीचे प्रकार उघडकीस आले होते. मालकाच्या गरजेवर शिक्षण सोपवले की असेही होते. म्हणूनच बाजाराने शिकवले तरी हिशेब बाजारावर सोडता येत नाही. सीड प्लॉटने कसब दिले, पण दर रोजंदारीचा राहिला, आणि वीस हंगाम क्रॉसिंग केलेल्या बाईजवळ दाखवायला कागद नाही.

जालन्याच्या पोलाद उद्योगाची गोष्ट उलटी. भंगार वितळवून सळई करणारे हे कारखाने देशभर माल पाठवतात, भट्टीवर आणि रोलिंगवर मात्र परराज्यांतले कामगार मोठ्या संख्येने असतात. इथल्या पोरांना कष्ट नकोत, असे त्यावर सर्रास बोलले जाते. ही तीच पोरे ऊसतोडीला आणि बांधकामावर राबतात, तेव्हा हे कारण पटण्यासारखे नाही. ठेकेदारामार्फत भरती, अपघाताचा धोका आणि वर्षे गेली तरी हुद्दा न बदलणारे काम हे ज्याला गावी अर्धा एकर तरी आहे तो नाकारणारच.

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. त्यांची उपयुक्तता मोजायची तर किती जण शिकले यापेक्षा, दोन वर्षांनी त्यांचा पगार किती वाढला हे विचारावे लागेल. साधन नवे शोधायचीही गरज नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१९ सालच्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. जालन्याच्या रोलिंग मिलला हा नियम लागू आहे, बियाणे कंपनीलाही. मिलने टेंभुर्णीचा पोरगा ठेकेदाराला वगळून स्वतःच्या हजेरीपटावर घ्यावा, आणि कंपनीने ग्रो-आउट टेस्टच्या निकालपत्रावर प्लॉटमालकाबरोबर क्रॉसिंग करणाऱ्या बायकांची नावेही लिहावीत. शुद्धता ज्यांच्या बोटांमुळे आली त्यांच्या दराची बोलणी पुढच्या हंगामात त्या कागदावरून करता येतील.