प्रतिकृतीचा पुरावा : अरुंद मापाच्या औद्योगिक डीझेल एंजिनाच्या संदर्भात

वीटभट्ट्या, वाळूच्या खाणी यांसारख्या ठिकाणी अरुंद रुळांवर राबलेल्या लहान एंजिनांचा इतिहास लिहिताना कागदोपत्री साधने पुष्कळदा अपुरी पडतात. त्यांच्या दुरुस्त्या जागच्या जागी होत आणि त्यांची नोंद क्वचितच ठेवली जाई. अशा एंजिनाची मोठ्या प्रमाणावरील प्रतिकृती तयार करणे हा सामान्यतः छंद मानला जातो. परंतु ते संशोधनाचे साधन ठरू शकेल काय, हा प्रश्न विचारार्ह आहे.

या दृष्टीने इंग्लंडमधील बेडफर्ड येथील मोटर रेल कंपनीच्या 'सिम्प्लेक्स' एंजिनांचे उदाहरण उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आघाडीपर्यंत ६०० मिलिमीटर मापाचे हलके लोहमार्ग टाकले. वाफेच्या एंजिनाचा धूर शत्रूच्या नजरेस पडे. म्हणून तेथे २० व ४० अश्वशक्तीची पेट्रोल एंजिने योजण्यात आली. युद्धोत्तर काळात ती उद्योगांकडे गेली. १९१९ मध्ये सुरू झालेल्या लेटन बझर्ड येथील वाळूवाहू लोहमार्गावरही ती धावली. पुढे १९३० नंतरच्या दशकात पेट्रोलची जागा डीझेलने घेतली. तथापि चार चाके, साखळीने होणारे शक्तिवहन आणि दोन्ही दिशांना पाहता यावे म्हणून चालकाची आडवी बैठक ही मूळ मांडणी पुष्कळ अंशी टिकून राहिली.

नकाशात यंत्र जुळलेल्या स्थितीत दिसते. प्रतिकृतीकाराला मात्र ते क्रमाने जुळवावे लागते. कोणता भाग आधी बसतो, साखळी ताणण्यास जागा कोठे उरते, कारागिराचा हात कोठवर पोचतो, हे प्रश्न त्याला टाळता येत नाहीत. जेथे नकाशा व छायाचित्र दोन्ही मूक असतात, तेथे जुळणीची ही अपरिहार्यता अनुमानाला आधार देते.

या पुराव्याला मर्यादाही आहेत. २ फूट मापाचा मार्ग ३२ मिलिमीटर रुळांवर दाखविल्यास प्रमाण सुमारे १:१९ होते. ७¼ इंची रुळांवर ते सुमारे १:३.३ येते. लांबी या प्रमाणात घटते, पण वजन तिच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे २० अश्वशक्तीच्या मूळ एंजिनाचे सुमारे २½ टन वजन पहिल्या प्रतिकृतीत अवघे ३७० ग्रॅम, तर दुसरीत सुमारे ७० किलोग्रॅम भरेल. चाकांची रुळांवरील पकड वजनावर अवलंबून असल्याने लहान प्रतिकृतीत शिसे भरावे लागते, आणि बहुधा डीझेल यंत्राऐवजी विजेची मोटर बसवावी लागते. अशा प्रतिकृतीच्या ओढीवरून मूळ एंजिनाच्या सामर्थ्याविषयी निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. रचनेविषयी तिची साक्ष बलवान, शक्तीविषयी दुर्बल होय.

याहून मोठा धोका काळाच्या सरमिसळीचा आहे. जतन केलेल्या एंजिनाचा सांगाडा एका काळचा, यंत्र दुसऱ्या काळचे आणि झाकण तिसऱ्या काळचे असू शकते. त्याची हुबेहूब नक्कल केल्यास कोणत्याही एका वर्षी अस्तित्वात नसलेले एंजिन घडण्याचा संभव असतो. म्हणून प्रतिकृती कोणत्या वर्षीच्या स्थितीची आहे हे प्रथम निश्चित करावे, आणि कोणता भाग मोजमापावरून, कोणता छायाचित्रावरून व कोणता अनुमानाने केला, याची टिपणे सोबत ठेवावीत. अशी टिपणे असतील तरच पुढील अभ्यासकाला प्रतिकृती पुरावा म्हणून तपासता येईल. एरवी तिची गणना शोभेच्या वस्तूंतच करावी लागेल.