रानकोंबड्याचे पीस

तंजावराहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघाले म्हणजे पंचवीसएक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. या नावाने मराठी वाचकास काही बोध होणार नाही. पण गावाचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम् आहे असे सांगितले म्हणजे तो कान टवकारील. मुक्तांबा ही तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांची प्रिय सहचरी. आपल्या नावे एक छत्र उभारावे अशी इच्छा तिने अंतकाळी बोलून दाखविली असे सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी राजांनी ती पुरी केली. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. हाती उरलेल्या थोड्या गोष्टींत छत्रे ही राजांस सर्वांत मोलाची वाटत. 1801 मध्ये रेसिडेंटास पाठविलेल्या पत्रात त्यांनी छत्रांची रीत वर्णिली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न, आजाऱ्यास वैद्य, अनाथ मुलांस आश्रय. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने येऊन जेवावे अशी हाक.

केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करीत बदलीने या मुलखात आलेले आम्ही, एका रविवारी हे छत्र पाहावयास गेलो. दगडी कामातले हत्तीघोडे पाहून झाल्यावर गावाबाहेरच्या एका तळ्याकाठी विसावलो. दोन मुले गळ टाकून बसली होती. गळाला गांडूळ, नजर पाण्यावर. आमच्या थैलीत त्या वेळी एक पुस्तक होते, आणि त्याचा या तळ्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

‘टँक अँगलिंग इन इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानातील तळ्यांत गळाने मासे धरण्याची विद्या, हे पुस्तक 1887 साली प्रसिद्ध झाले. कर्ते हेन्री सलिव्हन थॉमस हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. 1870 नंतरच्या दशकात ते याच तंजावर जिल्ह्याचे कलेक्टर होते. त्याआधी दक्षिण कानड्यात असताना 1873 साली त्यांनी मंगळुराहून ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ काढला. विलायतेत सॅमन हा गळाच्या शिकारीतला राजा. पण आपल्या नद्यांतला महशीर, ज्याला मराठीत खडस म्हणतात, तो वजनास वजन धरता सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो, हे त्यांनी आपल्या देशबांधवांस ठासून सांगितले. आणि या छंदानेच त्यांस दुसरी एक गोष्ट दाखविली. बारीक विणीची जाळी, ओढ्यांतले सापळे आणि पाण्यात कालविलेले विष यांनी माशांची पिल्ले वाढण्याआधीच मरतात, हे त्यांनी सरकारास अहवाल लिहून कळविले. 1897 च्या फिशरीज कायद्याने विषप्रयोग व सुरुंग यांस बंदी घातली, तिच्या मागे अशा माणसांनी तीस वर्षे चालविलेली लिखापढी होती.

या विद्येचे सर्वांत नाजूक अंग म्हणजे कृत्रिम माशी बांधणे. मासा धरण्यासाठी माशी! शब्द आपल्याकडे जुळून आले आहेत, पण कला विलायतेची. चिमट्यात गळ धरावा, मेण लावलेला रेशमी दोरा त्यावर गुंडाळावा. मग सशाच्या कानाजवळची किंवा सीलच्या अंगावरची लव चिमटीने दोऱ्यावर पसरून पीळ द्यावा, की दोरा केसाळ होतो. तो गळाच्या दांड्यावर वेढे देत नेला म्हणजे माशीचे अंग तयार होते. त्यावर कलाबुतूची तार तिरकी फिरवावी. गळ्याशी कोंबड्याचे पीस गुंडाळून त्याचे तंतू मोकळे करावे. वर पंख बसवून डोक्याशी गाठ मारावी व रोगण लावावे. लोकर किंवा कृत्रिम धागा न घेता खरी लव का घेत, याचे कारण तिच्या घडणीत आहे. आतले केस मऊ, बाहेरचे राठ. त्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, उजेड आरपार जातो, आणि प्रवाहात ते अंग श्वास घेतल्यासारखे हलते. मेलेल्या प्राण्याच्या केसांनी जिवंतपणाचा भास उत्पन्न करावयाचा, हे या कलेचे मर्म होय.

आपल्याकडे गळाचा खेळ नवा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद हे प्रकरणच आहे. काठी, दोरी, गळ, आणि कोणत्या माशास कोणते खाद्य, असा सारा तपशील राजाने दिला आहे. परंतु तेथे आमिष हे खाण्याचेच असे. माशाची भूक धरून त्यास फसवावयाचे. सॅमनचा प्रकार याहून निराळा. समुद्रातून नदीत अंडी घालावयास परतलेला सॅमन अन्न घेत नाही. तरीही तो त्या रंगीत माशीवर झडप का घालतो, यावर जाणत्यांचा वाद आजही मिटलेला नाही. ज्याला भूक नाही त्याच्यापुढे, जे अन्नच नव्हे असे आमिष!

आणि या आमिषाच्या शोभेत आपल्या रानांचा वाटा आहे. सह्याद्रीत व दक्षिणेच्या डोंगरांत राहणारा करडा रानकोंबडा बहुतेकांनी पाहिला नसेल, पण पहाटेची त्याची बांग ऐकली असेल. फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या स्मरणार्थ 1813 साली टेमिंक या डच पंडिताने त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. त्याच्या मानेच्या पिसांवर पांढरट-पिवळे चकचकीत ठिपके असतात, जणू मीनाकारी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित सॅमन-माश्यांच्या दोन्ही बाजूंस हेच पीस डोळ्यासारखे बसवीत. स्कॉटलंडच्या नदीकाठी त्या माशीचे कौतुक होई. तिच्यासाठी कोणत्या डोंगरात पाखराच्या मानेची कातडी सोलली गेली, हे विचारण्याचे कोणास कारण पडत नसे.

पुढे कारण पडले. 1960 नंतरच्या दशकात भारताने या पिसांची निर्यात थांबविली, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने पाखरास संरक्षण मिळाले. त्याच साली अमेरिकेने समुद्री सस्तन प्राण्यांसाठी कायदा करून सीलच्या लवेची वाट अडविली. माशी बांधणारे खारीच्या शेपटीचे व हरणाचे केस वापरू लागले. रानकोंबडे तर आता विलायतेत पाळून वाढवितात. तरी जुना हव्यास सरला नाही. 2009 साली इंग्लंडात ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली, ती जुन्या धर्तीच्या सॅमन-माश्यांस अस्सल पिसे मिळावीत म्हणून. त्यांतील काही शंभरांहून अधिक वर्षे शास्त्रासाठी जपून ठेविलेली होती.

थॉमससाहेबांवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पिल्लांच्या मरणाकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले, हे लहान काम नव्हे. पण आम्ही कारकून माणसे. जमा दिसली की खर्चाचे पान उलटून पाहण्याची आम्हांस खोड. ज्या छंदाने माशाच्या ऱ्हासाकडे डोळा उघडला, त्याच छंदाने पाखराच्या बाबतीत तो मिटून घेतला. माणूस ज्याच्याशी झुंजतो त्याची काळजी करतो. ज्याचे नुसते पीस वापरतो, त्याची त्यास आठवण राहत नाही. आणि झुंज तरी किती तारते? कावेरीतल्या ज्या मोठ्या महशिरापायी साहेबलोक देशोदेशींहून येत, तो 2018 पासून जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

हा दोष साहेबांचाच आहे असेही नाही. तंजावर हे नाव आपण मराठी माणसे तुऱ्यासारखे मिरवितो: सरस्वती महाल, चित्रे, नाटके. तो तुरा ज्या देहावर वाढला तो देह म्हणजे ओरत्तनाडूसारखी गावे, तिथले तांदूळ पिकविणारे कुळंबी, छत्रातला आचारी आणि रात्री घंटा वाजविणारा नोकर. त्यांची नावे आपण विचारली नाहीत.

उन्हे उतरली तेव्हा मुलांच्या गळास एक वीतभर मरळ लागली. थोरल्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली व आम्हांकडे पाहून हसला. आम्ही पुस्तक मिटले. गळाचे आमिष आणि मध्यरात्रीची घंटा, दोन्ही बोलावणीच. एक घेण्यासाठी, दुसरे देण्यासाठी. परतीच्या बसमधून छत्राच्या भिंती दिसेनाशा होईपर्यंत आम्ही मागे वळून पाहत होतो.