ठिणगी, प्रतिध्वनी आणि मोटारीचे कान

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी एप्रिल १९२८मध्ये गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून हुकूम द्यायला नियमित सुरुवात केली. शिपायाला मात्र फक्त ऐकता येई. ‘समजलं’ एवढं कळवायलाही त्याला टेलिफोन शोधावा लागे. आधीच्या प्रयोगांच्या काळात तर सरकारी परवाना करमणुकीच्या केंद्राचा होता, म्हणून चोराच्या वर्णनांच्या मधे गाणी लावावी लागत. मला कवी म्हणून ही अट भारी आवडते. पोलिसांना आवडली नसणार.

खरा शत्रू मोटारीतच बसला होता. स्पार्क प्लगमध्ये पडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्र. मार्कोनींचे पहिले संदेश ठिणगीनंच तर पाठवले होते! १९३०मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा इंजिनाची खरखर दाबणं हे मोठंच काम होतं. पुढं आर्मस्ट्राँग यांची एफएम पद्धत आली. तिच्यावर खरखरीचा परिणाम कमी होई. १९४०मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांना डॅनियल नोबल यांनी याच पद्धतीची दुतर्फा यंत्रणा उभारून दिली.

ठिणगी आवरली, तरी प्रतिध्वनी उरला. लहरी इमारतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि कुठं कुठं एकमेकींना पुसून टाकतात. वीतभर सरकलं की पुन्हा स्पष्ट ऐकू येतं. धावती मोटार अशा खड्ड्यांतूनच जात असते. दूरच्या लघुलहरी ऐकताना असंच व्हायचं. त्यावरचा उपाय ‘आरसीए’ कंपनीच्या बेव्हरेज आणि पीटरसन यांनी १९२०च्या दशकातच शोधला होता: एकमेकांपासून दूर अनेक अँटेना उभ्या करायच्या. एकीला ऐकू येईना, तर दुसरी ऐकते. १९९६मध्ये बेल लॅब्जच्या जेरार्ड फॉशिनी यांनी त्याच्याही पुढचं दाखवलं. दोन्ही टोकांना अनेक अँटेना असल्या, तर याच प्रतिध्वनींच्या आधारे एकाच वारंवारितेवर एकाच वेळी वेगवेगळे संदेश पाठवता येतात. शत्रूच कामाला लागला.

मात्र मोटारीच्या टपावर दूर कुठं जाणार? ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. शार्कच्या परासारख्या छोट्या डबीत अँटेना दाटीनं बसवल्या, की एकीची ऊर्जा दुसरी गिळते. मुशायऱ्यात खांद्याला खांदा लावून बसलेल्या शेजाऱ्यानं मोठ्यानं दाद दिली, की आपला निम्मा शेर निसटतो, तसं हे. म्हणून अभियंते एक अँटेना उभी तर दुसरी आडवी ठेवतात, खालच्या धातूच्या पत्र्यात खाचा पाडून शेजारणीकडं जाणारा प्रवाह अडवतात.

वळणाआडच्या मोटारीनं ब्रेक दाबला, हे मागच्या मोटारीला डोळ्यांआधी कळावं, यासाठी हा खटाटोप. अमेरिकी सरकारनं १९९९मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झची जागा राखून ठेवली होती. ती वीस वर्षं बरीचशी रिकामीच राहिली. २०२०मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ काढून घरातल्या वायफायसारख्या वापराला देण्याचा निर्णय झाला. मोटारींच्या वाट्याला ३० उरले.