हिमालय, सह्याद्री आणि नवापूरच्या कोंबड्या

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. हे वाक्य अजूनही भाषणांत ऐकू येते. चव्हाणांच्याच कारकिर्दीत निघालेल्या एका संस्थेचे नाव मात्र क्वचितच कुणी काढते. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन दोन महिनेही झाले नसताना, दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. मेजर जनरल सोम दत्त तिचे पहिले संचालक. चीनपुढे झालेल्या पराभवाची चिकित्सा करताना चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत प्रशिक्षण, साधनसामग्री, हेरमाहिती अशा उणिवांची कबुली दिली होती. मूळ चौकशी अहवाल मात्र गुलदस्त्यातच राहिला. शत्रू काय करील याचा शांतपणे, फायलींच्या बाहेर बसून विचार करणारी माणसे देशाला हवी होती. पण अशी संस्था ज्या संकटातून जन्मते, त्याच संकटाच्या चष्म्यातून पुढची कित्येक वर्षे जग पाहते. सुरक्षा म्हणजे सीमा, सैन्य आणि पुढे अणुबाँब, हे समीकरण तिथेच पक्के झाले.

सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारला कसले खडे बोल सुनावणार, हा आक्षेप जुना आहे आणि निराधारही नाही. तरी के. सुब्रह्मण्यम यांचे उदाहरण त्याला पुरते बसत नाही. भारतीय प्रशासन सेवेतला हा अधिकारी १९६८ मध्ये संचालक झाला. मार्च १९७१ च्या अखेरीस पूर्व पाकिस्तानात दडपशाही सुरू होताच भारताने ही संधी साधावी, असे त्यांनी उघडपणे मांडले. सरकार तेव्हा सावधपणे पावले टाकत होते. पाकिस्तानने मात्र त्या मांडणीचे प्रचारासाठी भांडवल केले. अण्वस्त्रांच्या बाजूनेही ते सरकारच्या पुढे जाऊन बोलत राहिले. तेव्हा उणीव धाडसाची नव्हती, विषयाच्या व्याप्तीची होती. अध्यापनही वेगळ्याच वाटेने गेले. आंतरराष्ट्रीय अभ्यासाची दिल्लीतली १९५५ ची संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासासाठी चव्हाणांच्याच नावाचे केंद्रही तिथे निघाले. याउलट सिंगापूरने १९९६ मध्ये अशी संशोधन संस्था काढली आणि २००७ पासून राजरत्नम यांच्या नावाच्या पदव्युत्तर विद्यालयात तिला सामावून घेतले. अपारंपरिक सुरक्षेचे, म्हणजे साथीरोग, अन्न, हवामान यांचे, स्वतंत्र केंद्र त्या विद्यालयात आहे. साथीला सुरक्षेत जागा कशाला, असे कुणी विचारील, तर उत्तर नवापूर तालुक्यात सापडते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांतल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. भारतातला हा पहिला उद्रेक. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्के केल्यावर लाखो पक्षी मारून पुरावे लागले. लवकरच शेजारच्या गुजरातेत उच्छल येथे आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग दिसला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. अशा मुलुखात दोन राज्यांची पशुसंवर्धन खाती, आरोग्य खाती आणि पोलीस यांच्या कामाचा मेळ घालणे हीच खरी परीक्षा होती.

यावर दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो: प्रत्येक संकटाला सुरक्षेचे लेबल लावले की ते पोलिसांच्या हाती जाते, आणि आदिवासी भागात पोलीस दारात येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ही भीती रास्त आहे. पण अभ्यासाचा उपयोग नेमका इथेच. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणार नसेल, तर परसातल्या चार कोंबड्या पाळणारा माणूस त्या लपवील आणि रोगही त्यांच्यासोबत लपेल, एवढे समजायला रणनीतिज्ञ लागत नाही. ते आधीच लिहून ठेवायला, बंदोबस्ताआधी पशुवैद्य आणि भरपाईचे पैसे पोचतील असा आराखडा तयार ठेवायला मात्र लागतो. २०२० मध्ये दिल्लीच्या संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेला गोव्याचे मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली, आणि महामार्गांवरून पायी निघालेल्या मजुरांच्या जेवणाची सोय कोणत्या खात्याने करायची, हे वाटेतल्या जिल्ह्यांना आयत्या वेळी ठरवावे लागले.