ग्रुप पॉलिसी
मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत अनेक संगणकांसाठीचे नियम एकाच ठिकाणाहून ठरवण्याची व्यवस्था. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या जोडीने ती विंडोज २००० मध्ये आली. त्याआधी एनटी ४.० मध्ये ‘सिस्टिम पॉलिसी’ हे तिचे तोकडे रूप होते. नियमांचे संच डोमेन कंट्रोलर या मध्यवर्ती सर्व्हरवर असतात, पण ते वरून ढकलले जात नाहीत. प्रत्येक संगणक सुरू होताना आणि पुढे साधारण दर ९० मिनिटांनी ते स्वतः मागून घेतो. या अवधीत ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर पडते, नाहीतर शेकडो संगणक एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभे राहतील. घाई असल्यास ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा देतात.

नियम स्थानिक, साइट, डोमेन, संघटनात्मक एकक या क्रमाने लागतात आणि विरोध आल्यास सहसा शेवटचा टिकतो. नवख्या प्रशासकाची फसगत बहुधा इथेच होते. ग्रुप पॉलिसीतून दूरस्थ व्यवस्थापनाची सोय करायची तर त्यासाठीची नुसती विनआरएम सेवा सुरू करून भागत नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट ५९८५ खुला करावा लागतो, तोही मोजक्या पत्त्यांपुरता असलेला बरा. याच नियमांतून संगणकांना अपडेटसाठी संस्थेच्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरचा पत्ता देता येतो. त्या सर्व्हरमध्ये नव्या सुविधांची भर थांबवल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केले. सेवा मात्र चालू राहिली. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक मिळत नाही.